ओळखीचा ताप

कीर्तनकार भार्गवबुवा तापाने निपचित पडले, तेव्हा त्यांच्या बायकोने, शालनने, सगळ्यांच्या आधी हात पुढे केला. "माझ्या रक्तातल्या पेशी घ्या."

डॉक्टरीणबाईंनी नकारार्थी मान हलवली. "काकू, तुमच्या रोगाशी लढणाऱ्या मारक पेशींनी हा ताप कधी पाहिलेलाच नाही. वरदाताईंच्या पेशींना तो पक्का आठवतोय. त्याच बुवांना देतोय."

वरदा बुवांना पेटीची साथ करायची. गावोगावच्या कीर्तनांत ती मागे बसे, शालन घरी देवापाशी.

"मागच्या दौऱ्यात आला होता हो, वहिनी," वरदा संकोचून म्हणाली.

"तापसुद्धा तुझ्याच वाट्याला कसा गं येतो?"

संध्याकाळी बुवांनी डोळे उघडले, दोन घोट पेज घेतली.

"उष्टी पेज ओतून टाका, लागण होईल," डॉक्टरीणबाई बजावून गेल्या.

पुढच्या वेळी तरी पेशी आपल्याच लागाव्यात, म्हणून शालनने विठ्ठलाचं नाव घेतलं आणि वाटी तोंडाला लावली.