थांबणारं प्लगिन

प्रिंटर मध्येच गप्प झाला. निम्मी पत्रं बाहेर, निम्मी आत. पडद्यावर लाल अक्षरांत एकच ओळ: ‘पेशंट हयात नाही. पुढचं माणसाने लिहावं.’

साहेब केबिनमधून तरातरा आले. हॉस्पिटलची सगळी पत्रं याच खोलीतून सुटायची. साचा ठरलेला, त्यात नाव, वॉर्ड, तारीख आपोआप भरली जायची. साच्याला जे जमत नसे, त्यासाठी प्रोग्रामर बाई प्लगिन लिहायची. वरून जोडायचा छोटासा प्रोग्राम.

“कुणी थांबवलं हे?”

“मी.” बाई खुर्चीतून उठलीसुद्धा नाही. “नवं प्लगिन आहे. झकास चालतंय.”

“चालतंय? सगळं बंद पडलंय!”

“बंद पाडायलाच लिहिलंय.”

बाजूच्या दोघा कारकुनांनी पडद्यात डोकी खुपसली. कान मात्र इकडेच.

“मॅडम, प्लगिन काम पळवायला असतं.”

“पळवून झालं की. गेल्या आठवड्यात एक आजोबा आले होते, तुमच्या सहीचं पत्र घेऊन. ‘पत्नीला तपासणीसाठी घेऊन यावे.’ मला विचारत होते, कुठून आणू? तुम्ही मीटिंगमध्ये होतात. आज त्यांनाच दुसरं पत्र निघालं होतं. बघा, नाव त्यांच्याच बायकोचं आहे.”

साहेबांनी नाव पाहिलं. “मग गेलेल्यांची नावं गाळा ना. दोन ओळींचं काम.”

“आपल्याच वॉर्डात गेली ती. आणि आपण नाव खोडून मोकळे? वा रे वा!”

“काढा ते प्लगिन. नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

“तुम्हीच काढा. त्या बटणावर टिचकी मारा, निघेल. मी उद्या नसेन, पत्र मात्र पोचेल. खाली सही तुमचीच. तीही माझंच दुसरं प्लगिन उमटवतं.”

साहेबांनी माउस धरला. बाण बटणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. बाईने हाताची घडी घातली. नोकरी तिला हवी होती, पण गयावया तिच्याच्याने होणार नव्हती. उभ्या नोकरीत तिने इतकं चोख काही लिहिलं नव्हतं, आणि हे तिला सांगायला कुणाची गरज नव्हती.

“सरका,” साहेब म्हणाले.

ते तिच्या खुर्चीत बसले आणि खाडखाड टाइप केलं: ‘आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.’

लाल ओळ आली: ‘हे वाक्य आधी वापरलेलं आहे.’

“हे काय आता?”

“तयार माल घेत नाही ते.” बाईच्या आवाजात आता उघड तोरा होता. “जुन्या सगळ्या पत्रांशी ताडून बघतं. खरी मेहनत तर तिथेच आहे.”

एक कारकून फिस्सकन हसला आणि लगेच खोकला.

साहेबांनी दुसरं वाक्य टाकलं. लाल. तिसरं टाकलं. लाल. इतकी वर्षं याच वाक्यांवर त्यांनी खाती सांभाळली होती.

“मी ओळखतच नव्हतो हो त्यांना,” ते हळूच म्हणाले.

“प्लगिनही नव्हतं ओळखत. म्हणून तर थांबलं.”

साहेबांनी फोन ओढून वॉर्डाचा नंबर लावला.

“सिस्टर, गेल्या महिन्यात तुमच्याकडे त्या आजी गेल्या ना... हो, त्याच. नाही, नाही, रिपोर्ट नकोत. त्या बोलायच्या काय, ते सांगा.”