दोघांचा डबा

आठ दिवसांच्या फिरतीने औषधविक्रेत्याचं अंग आंबलं होतं, कुणाशी बोलायचंही जिवावर आलं होतं. समोर बसलेल्या म्हाताऱ्याने गाडीतच डबा उघडला आणि अर्धं जेवण झाकणात काढून त्याच्यापुढे सरकवलं.

"नको हो काका, भूक नाही."

"चार घास तरी खा. उरलेलं परत नेलं तर घरी हिला कळेल."

"काय कळेल?"

"दवाखान्यात मी एकटाच जातो ते. मुलगा स्टेशनवर भेटतो, असं सांगत आलोय. ती बिचारी त्याचंही बांधून देते."

विक्रेता झाकण जवळ ओढून जेवू लागला. शेवटचा घास संपला तसं काकांनी हळूच विचारलं, "भाजी कशी झाली होती? घरात पाऊल टाकताच विचारेल, पोराला आवडली का म्हणून."