आ करा

आमचे हे घरात तोंड उघडत नाहीत. काही विचारलं की हूं, फार झालं तर बरं. पण दर सहा महिन्यांनी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं असलं, की स्वारी घोटून दाढी करते, इस्त्रीचा शर्ट चढवते. दुखत काहीच नसतं, नुसतं दाखवायला जायचं. या वेळी मीही सोबत निघाले. बाईंनी ह्यांची खुर्ची आडवी केली, दिवा ओढला आणि “आ करा” म्हणाल्या. घरी कुलूप लावलेलं ते तोंड लगेच हातभर उघडलं. बाई चिमुकला आरसा फिरवत एकेक दाढ न्याहाळत होत्या, हिरड्या चाचपत होत्या, किटण खरवडत होत्या. वर म्हणतात कशा, “दुखायच्या आधी येता, म्हणून सगळे दात शाबूत आहेत, काका.” काकाच म्हणाल्या, पण किती गोड. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “काकू, आता तुम्ही बसा.” बसले. मनात म्हटलं, शोध एखादा किडका दात. बाईंनी बराच वेळ शोधला. “कीड कुठेच नाही. पण दाढा पार झिजल्यात. झोपेत दात खाता का?” तोंडात आरसा असल्यामुळे मला नाही म्हणता येईना. “खाते ना,” कोपऱ्यातल्या खुर्चीवरून हे म्हणाले. “एरवी नाही. तुमच्याकडे यायची तारीख जवळ आली, की रात्रभर.”