मायेचा आकडा

व्हिसा कचेरीतल्या यंत्रावर हात ठेवताच कीर्तनकार वासुदेवबुवांच्या मायेचा आकडा अठ्ठ्याण्णव आला. त्यांच्या मुलाचा, अभिरामचा, आला अवघा अकरा. वडिलांना कायमचं परदेशी न्यायचं, तर मुलाचे निदान चाळीस लागत.

"यंत्र बिघडलंय," अभिराम पुटपुटला. खरं तर पोरं सांभाळायला हक्काचं माणूस हवं, एवढंच त्याच्या मनात होतं.

बुवा खिडकीशी वाकले. "साहेब, कीर्तनात आम्हाला दम लागला, की मागचे टाळकरी चरण उचलून धरतात. तसे माझ्यातले तीस याला द्या की!"

"तसं चालत नाही, बाबा," खिडकीतला अधिकारी म्हणाला.

"मग यंत्र बिघडलंय असंच लिहा. पोरगं गुणाचं आहे माझं."

यंत्रावरचा हात आता कुठे लपवावा, अभिरामला कळेना.