कळलं?

पाइपाच्या तोंडात तोंड घालून भोंगा ओरडत होता.

मुकादमाला हे नाव मजुरांनी दिलेलं. त्याने नुसती हाक मारली, तरी पलीकडच्या गल्लीतले ठार बहिरे म्हातारे म्हणत, "अरे, हळू!"

पाइप टाकायला खणलेल्या चराची कड मघाशी ढासळली आणि खाली खणणारा त्याचा मेहुणा दिसेनासा झाला. तळाशी टाकलेल्या रुंद पाइपात तो शिरला असेल, एवढीच आशा. त्या पाइपाचं एक टोक तेवढं मातीबाहेर होतं.

"घाबरू नकोस! हलू नकोस! डावीकडे सरक! मी आहे ना!" दर वाक्याला भोंगा पाय आपटत होता. आवाज फाटला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी तोंड थांबेना. थांबलं, की घरी बायकोला काय सांगायचं ते समोर येई.

सकाळीच मेहुणा म्हणाला होता, "दाजी, कडेची माती जरा—"

"तू खण. डोकं मी चालवतो. कळलं?"

"हो."

या कामावरची रीतच ती. मुकादमाचं "कळलं?" येईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. आल्यावर "हो" म्हणायचं आणि कामाला लागायचं.

माती उपसणाऱ्या मावशीने घमेलं आपटलं. "अहो मुकादम, पाया पडते, गप्प बसा! पोराला बोलू तर द्या!"

भोंगा गप्प झाला. फावडी थांबली. सगळ्यांनी कान टवकारले.

पाइपातून काहीच येईना.

"गेला," भोंगा म्हणाला. मग त्याला काय आठवलं कोण जाणे, तो पाइपाशी वाकला आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाला, "कळलं?"

आत काहीतरी खरवडलं.

"नाही कळलं, दाजी." आवाज धुळीने भरलेला होता. "मघापासून थांबलोय, तुमचं संपायची वाट बघत. आधी तिथून बाजूला व्हा. तुम्ही पाय आपटला, की माती माझ्या तोंडावर येते."

भोंग्याने एक पाय उचलला. तो कुठे ठेवायचा, ते त्याला कळेना. सवयीने ओरडायला त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि तसाच एका पायावर पाइपाला कान लावून उभा राहिला.

"बोल बाबा," तो म्हणाला. "कुठे ठेवू?"