कॅनवरची रेघ

फजरची नमाज आटोपून फरहानाने कॅन खिडकीतल्या उजेडाकडे धरला. काल मार्करने मारलेल्या रेघेपासून पाणी चांगलं चार बोटं खाली गेलं होतं.

झमझमचं पाणी. तिचा नवरा तौकीर दर शुक्रवारी ताइफचा घाट उतरून मक्केला जायचा आणि आईसाठी भरून आणायचा. आलिमाबी त्यासाठीच तर दापोलीहून आल्या होत्या. पोटातलं दुखणं, गावच्या डॉक्टरांनी हात टेकलेले. आता या पाण्याने गुण येईल, एवढीच आशा. व्हिसा संपायला पंधरा दिवस उरले होते.

पण आजारी माणूस बांगड्याच्या कालवणाबरोबर दोन भाकऱ्या चेपतो? फरहानाच्या मनात पहिल्या दिवसापासून पाल चुकचुकत होती.

"अम्मी, पाणी फार लवकर सरतं हो."

"उन्हाळा आहे ना, पोरी."

"ताइफात? मी तर गोधडी घेऊन झोपते."

"मग तुझी गोधडी दे मला, पाणी तू पी," म्हणत आलिमाबी हसल्या.

जेवताना तिने तौकीरच्या कानावर घातलं. "अम्मी पाणी पीतच नाहीत. गावच्या धाकट्या सुनेसाठी साठवत असतील."

"राहू दे ना." तो भात चिवडत होता. "तिचं पाणी, तिची दुवा."

"हो, आणि तुम्ही घाला खेपा! हाडं वर आलीत, आरशात बघा एकदा."

शुक्रवारी तो निघाल्यावर फरहाना भाजीला म्हणून बाहेर पडली आणि कोपऱ्यावरूनच परतली. कॅन जागेवर नव्हता. गच्चीचं दार उघडं होतं.

आलिमाबी बादलीपाशी उकिडव्या बसून पांढरं कापड बुचकळत होत्या. ओठ हलत होते.

कफन. हजला गेलेल्या बायका झमझममध्ये भिजवून गावी आणतात, तसं. आपण काय काय बोललो या बाईला!

"अम्मी, असं मन हरू नका. तुम्ही बऱ्या व्हाल, इन्शाअल्लाह." तिने त्यांच्या हातातून कापड घेतलं, पिळलं, दोरीवर टाकलं. मग दुसरं. तिसरं. बादलीत आणखी काही नव्हतं.

"बाकीची दोन कुठायत? बाईला पाच लागतात, अम्मी. तीन तर पुरुषाला."

आलिमाबींनी मान वर केली नाही.

"ठाऊक आहे गं. मापं तौकीरनंच दिली."