पाखरांमध्ये गाजलेला अल्बम

"आला तेव्हा ‘कुसळ’ गाजला होता का?" पार्थने कॅमेऱ्यामागून विचारलं.

रेश्माला हसू आलं. अकरा वर्षांत हा प्रश्न इतक्यांनी विचारला होता, की उत्तर घासूनपुसून तयार होतं.

"गाजला होता ना. पाखरांमध्ये."

पार्थ खळखळून हसला. सगळेच हसत. मग ती पुढची गोष्ट सांगे. आजही तिने सांगितली, मिरजगावच्या शिवारात, वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या विहिरीजवळ बाजेवर बसून. पुण्यात शिकत असताना तिने कपड्यांनी भरलेल्या कपाटात तोंड घालून सात गाणी रेकॉर्ड केली. मराठी रॅप, आणि तोही मुलीचा. अल्बम इंटरनेटवर टाकला, तर पहिल्या महिन्यात दोनशे माणसांनीही ऐकला नाही. त्यांतले निम्मे वर्गातले, आणि त्यांच्याही मागे तिनेच भुणभुण लावलेली. आता त्याच सात गाण्यांवर कॉलेजातली मुलं प्रबंध लिहितात, आणि हा पार्थ फिल्म काढायला निघाला आहे.

"आणि पाखरं?"

"मला आई नव्हती. घरी एकटे तात्या, आणि त्यांच्याकडे बटणांचा फोन. म्हणून मी मेमरी कार्डात गाणी भरली आणि गावाकडच्या एका माणसाबरोबर पाठवली. पंधरा दिवस काही निरोप नाही. शेवटी मीच फोन केला, तर मागून माझाच आवाज येतोय. विचारलं, तात्या, हे काय? म्हणाले, ‘वावरात भोंगा लावलाय. पाखरं लई झाल्यात, हाकलायला.’" रेश्माने हात जोडले. "तर, माझ्या रॅपने उठून गेलेले पहिले श्रोते ते."

"बस. फिल्म इथूनच सुरू करायची," पार्थ म्हणाला. "लेकीचा अल्बम, आणि बाप त्याने पाखरं हाकलतोय. लोक लोळतील हसून."

"कर," ती म्हणाली.

त्या फोननंतर दिवाळीला ती गावी आली नव्हती. पुढच्या वर्षीही नाही. नंतर येणं-जाणं सुरू झालं, पण गाण्यांचा विषय तिने काढला नाही आणि तात्यांनीही नाही. तिचं नाव झालं, गावात तिच्या फोटोचे फ्लेक्स लागले, तरी फोनवर ते विचारायचे ते एवढंच, जेवलीस का. यंदा श्रावणात तात्या गेले. दशक्रियेला पाचशे माणूस जमलं होतं. त्यांनी माझी गाणी एकदा तरी नीट ऐकली होती का, हा प्रश्न त्या पाचशेंत कुणाला विचारता येण्यासारखा नव्हता. ज्यांना विचारायचा ते फोटोत बसले होते.

शेजारच्या वावरातल्या केशरकाकू चहाची किटली घेऊन आल्या होत्या आणि शूटिंग बघायला बांधावरच टेकल्या होत्या. त्या काही हसल्या नव्हत्या.

"काय गं रेश्मे, पाखरं कुठली?"

"ज्वारीवरची, काकू. तात्यांनी भोंगा नव्हता का लावला?"

"भोंगा हुता की. पर ज्वारी आमची हुती. तुमच्या वावरात त्या साली समदा कांदा. कांद्याला पाखरू कशाला तोंड लावतंय?"

पार्थने कॅमेरा हळूच काकूंकडे वळवला. त्यांनी पदर सारखा केला.

"मग भोंगा कशाला लावला होता?" रेश्माने विचारलं.

"ते आमाला काय ठावं. ट्रॅक्टरची बॅटरी काढून आनली, बाभळीला भोंगा बांधला. सकाळी एसटीच्या टायमाला सुरू. दुपारी बंद. शाळा सुटली की परत सुरू. अन् गाजला हुता का म्हनून काय इचारतोस, बाबा?" हे पार्थला होतं. "कानात कापूस घालून खुरपत हुतो आमी. माझ्याकडच्या बाया म्हनायच्या, ह्या पोरीला दम कसा लागत न्हाई? मला तर सातीच्या साती पाठ झाली. चौथं जरा बोजड हाय. सातवं झ्याक."

सातवं गाणं तात्यांवर होतं. हे रेश्माने कुठल्याच मुलाखतीत सांगितलं नव्हतं.

काकूंनी कपात चहा ओतला आणि तिच्या हातात दिला.

"लई दिस सोसलं. मंग गेले एकदा तुझ्या तात्यांशी भांडायला. म्हनलं, वैजूभाऊ, माझी ज्वारी चालली समदी पाखरांच्या पोटात, अन् तुमचा भोंगा नुसता रस्त्याकडं तोंड करून वराडतोय. एवढं लावलंच हाय तर जरा आमच्याकडं फिरवा. पाखरं तरी उठतील."

"मग? फिरवला?"

"फिरवत्यात का काय. बाभळीला हात लावू दिला न्हाई मला." काकू किटलीचं झाकण लावत उठल्या. "म्हनले, ‘केशरबाई, पाखरान्ला काय कळतंय त्यातलं?’"